पराभवानंतरची उमेदवारी : भंडारा लोकसभा पोटनिवडणूक, १९५४ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

निवडणुकीत पराभूत झालेला मोठा नेता पुन्हा उभा राहणार काय, हा प्रश्न लोकशाही राजकारणात वारंवार उपस्थित होतो. अमेरिकेत ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८८ मध्ये पराभूत झाले आणि १८९२ मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. अॅडले स्टीव्हन्सन १९५२ मध्ये हरल्यानंतर १९५६ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. रिचर्ड निक्सन यांना १९६० च्या पराभवानंतर १९६८ मध्ये यश मिळाले, तर डोनाल्ड ट्रम्प २०२० मध्ये पराभूत होऊन २०२४ मध्ये निवडून आले. भारतात नीलम संजीव रेड्डी हे १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पराभूत झाले आणि १९७७ मध्ये त्याच पदावर बिनविरोध निवडले गेले. अशा प्रत्येक प्रसंगी होणारी चर्चा प्रामुख्याने व्यक्तीभोवती फिरते. नेत्याची इच्छा, प्रकृती, वय, लोकप्रियता व जिद्द यांचा हिशेब मांडला जातो. ज्या निवडणूक पद्धतीतून त्याला पुन्हा जावयाचे असते, तिचा विचार मात्र क्वचितच होतो.

या दृष्टीने पूर्व विदर्भातील एक घटना विशेष अभ्यासनीय आहे. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीस उभे राहिले. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. भंडारा, गोंदिया व साकोली या तहसिलींचा हा जुना जिल्हा १ मे १९९९ रोजी विभागला गेला आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे १९५४ ची पोटनिवडणूक हा गोंदिया जिल्ह्याच्याही राजकीय इतिहासाचा भाग ठरतो. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेल्या नेत्याला थेट लोकांमधून लोकसभेत जाण्याचा हा दुसरा आणि अखेरचा प्रयत्न करावा लागला, आणि त्यातही अपयश आले. हे अपयश एका व्यक्तीचे होते की एका पद्धतीचे, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) १९५४ ची पोटनिवडणूक ज्या परिस्थितीत उद्भवली तिचा शोध घेणे.
२) द्विसदस्य मतदारसंघातील मतदान पद्धतीचा डॉ. आंबेडकरांच्या उमेदवारीवर झालेला परिणाम तपासणे.
३) पराभूत नेत्याच्या पुनरागमनासंबंधी या घटनेवरून काय निष्कर्ष काढता येतो, हे पाहणे.

मुंबईतील पराभव आणि त्यानंतरची स्थिती

हिंदू संहिता विधेयकाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. उत्तर मुंबई शहर या द्विसदस्य मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने ते राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी फेडरेशनचा समझोता होता आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता हे उमेदवार होते. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी डॉ. आंबेडकरांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. अशोक मेहताही पराभूत झाले.

या निकालाविरुद्ध दोघांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. त्यातील एक प्रमुख तक्रार अशी होती की, मतदारांनी आपले एक मत वाया घालवावे असा प्रचार विरोधकांनी केला व त्यामुळे हजारो मते बाद झाली. मराठी राजकीय परिभाषेत या प्रकाराला 'मत कुजविणे' असे म्हटले गेले. हा अर्ज पुढे फेटाळण्यात आला. तथापि, मत कुजविण्याचा प्रचार हा निवडणुकीतील गैरप्रकार आहे ही भूमिका डॉ. आंबेडकरांनी या निमित्ताने अधिकृतपणे घेतली होती. भंडाऱ्याच्या संदर्भात ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१९५२ च्या निवडणुकीत फेडरेशनला लोकसभेच्या केवळ २ जागा मिळाल्या. सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरमधून एम. आर. कृष्णा निवडून आले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडले गेले. म्हणजेच संसदेचे दार त्यांच्यासाठी बंद झालेले नव्हते. राज्यसभेचे सदस्य असतानाही त्यांनी पोटनिवडणूक लढविण्याचा निर्णय का घेतला, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो. विधिमंडळाच्या सदस्यांनी निवडून देणे आणि सामान्य मतदारांनी निवडून देणे यांतील फरक त्यांच्या दृष्टीने केवळ तांत्रिक नव्हता. अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधित्व कोण करतो, हा वाद १९३० च्या गोलमेज परिषदेपासून चालत आला होता. त्याचे उत्तर लोकसभेच्या मतपेटीतूनच मिळावयाचे होते.

भंडाऱ्याची जागा रिक्त होण्याचे कारण

१९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा या द्विसदस्य मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी सर्वसाधारण जागेवर आणि तुळाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले होते. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. या निवडणुकीला आव्हान देण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

या खटल्यात दोन स्वतंत्र मुद्दे होते आणि दोन्ही या जिल्ह्याच्या समाजजीवनाशी निगडित होते. पहिला मुद्दा विडी उद्योगाचा होता. धानाची शेती, तलाव, तेंदूपत्ता आणि विड्या वळणारे हजारो हात ही या प्रदेशाची आर्थिक ओळख. जसानी हे मुलजी सिक्का या विडी उत्पादक कंपनीचे भागीदार होते आणि या कंपनीचा सैन्याच्या उपाहारगृहांना विड्या पुरविण्याचा शासनाशी करार होता. शासनाशी असा करार असलेली व्यक्ती उमेदवार होण्यास अपात्र ठरते, असे न्यायालयाने मानले.

दुसरा मुद्दा जात व पंथ यांच्या संबंधाचा होता. राखीव जागेसाठी गंगाराम थावरे यांनी उमेदवारी अर्ज भरला होता. ते महानुभाव पंथात गेलेले असल्याने आता अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, या कारणावरून तो अर्ज नामंजूर झाला. न्यायालयाने याचा विचार करताना तीन कसोट्या लावल्या : मूळ समाजाने त्या व्यक्तीला कसे वागविले, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. थावरे हे पंथ स्वीकारल्यानंतरही महार समाजातच राहिले होते, समाजानेही त्यांना आपले मानले होते. म्हणून त्यांचा अर्ज नामंजूर करणे चुकीचे होते आणि त्यामुळे संपूर्ण निवडणूक रद्दबातल ठरते, असा निर्णय झाला. भंडाऱ्याच्या दोन्ही जागा अशा रीतीने रिक्त झाल्या.

डॉ. आंबेडकरांच्या पुनरागमनाची संधी कोणा सहकाऱ्याने जागा सोडल्यामुळे आलेली नव्हती. एका महार उमेदवाराची ओळख श्रद्धा बदलल्याने पुसली जाते काय, या प्रश्नाच्या न्यायालयीन उत्तरातून ती निर्माण झाली होती. पुढे अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच प्रदेशाच्या राजधानीत डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी धर्मांतरितांच्या सवलतींचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा केंद्रीय पातळीवर मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

उमेदवारीचा निर्णय

भंडाऱ्यातून उभे राहण्यास अनुकूल अशा काही गोष्टी होत्या. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापनाच जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे झाली होती. नागपूर-भंडारा पट्ट्यात आंबेडकरी चळवळीची मुळे खोल गेलेली होती. गावोगावी कार्यकर्ते होते आणि समाज संघटित होता. समाजवाद्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता याही वेळी सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. मुंबईतील अपुरी राहिलेली युती येथे नव्याने कसाला लागणार होती.

प्रतिकूल बाबीही तितक्याच ठळक होत्या. मध्यप्रदेशात पंडित रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस सरकार होते. ग्रामीण भागातील मालगुजार, व्यापारी व सहकारी संस्था यांच्यामार्फत काँग्रेसचे जाळे पसरलेले होते. डॉ. आंबेडकर हे दुसऱ्या राज्यातील उमेदवार होते. त्यांच्यासमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते. मधुमेह व स्नायूंच्या दुखण्याने डॉ. आंबेडकरांची प्रकृती ढासळलेली होती आणि ऐन उन्हाळ्यात, वैशाखाच्या झळांमध्ये, त्यांना प्रचार करावा लागला. प्रचारसभांत त्यांनी स्थानिक प्रश्नांपुरते स्वतःला मर्यादित ठेवले नाही. नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर व एकूण नेतृत्वावर त्यांनी कठोर टीका केली. राष्ट्रीय प्रश्नांवर विचारपूर्वक मत मांडणारा विरोधी नेता अशी आपली भूमिका त्यांनी या प्रचारातून प्रस्तुत केली.

दोन मतांचे गणित

पहिल्या लोकसभेत ४८९ निर्वाचित जागा होत्या आणि मतदारसंघ ४०१ होते. त्यांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. अशा मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे व मतदार आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकी. मतमोजणीनंतर अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते पडली तो राखीव जागेवर निवडून येई. उरलेल्या सर्व उमेदवारांत, मग ते कोणत्याही जातीचे असोत, ज्याला सर्वाधिक मते असतील तो सर्वसाधारण जागेवर निवडून येई.

या पद्धतीचे दोन परिणाम होत. पहिला असा की, राखीव जागेवर कोण निवडून येणार हे केवळ अनुसूचित जातींचे मतदार ठरवीत नसत. सर्व मतदारांची दुसरी मते ते ठरवीत. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने विभक्त मतदारसंघाऐवजी संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा हे तत्त्व स्वीकारले गेले होते. दलितांचा खरा प्रतिनिधी बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून राहील, ही डॉ. आंबेडकरांची भीती तेव्हापासूनची होती. फरक इतकाच की, पुणे करारातील प्राथमिक निवडणुकीची तरतूदही आता उरली नव्हती.

दुसरा परिणाम डावपेचांशी संबंधित होता. एखाद्या गटाने आपले एक मत आपल्या उमेदवाराला देऊन दुसरे कोणालाच दिले नाही, तर सर्वसाधारण जागेसाठीच्या स्पर्धकांची मते तेवढ्याने कमी होत. अनुसूचित जातीचा उमेदवार राखीव जागेच्या शर्यतीत मागे पडला, तरी एकूण मतांत सर्वसाधारण उमेदवारांच्या पुढे गेल्यास सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत होता. ही शक्यता काल्पनिक नव्हती. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी यांचा पराभव अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी दोन्ही जागा जिंकल्यामुळेच झाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. हेच गिरी पुढे १९६९ मध्ये संजीव रेड्डींना हरवून राष्ट्रपती झाले.

भंडाऱ्यातील काही कार्यकर्त्यांनी असाच सल्ला दिला होता, असे आंबेडकरी चळवळीच्या परंपरेत सांगितले जाते. फेडरेशनच्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे व दुसरे कुजवावे, म्हणजे विजयाची शक्यता वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकरांनी हा सल्ला मानला नाही. हरलो तरी चालेल, पण मत कुजवू नका, अशी त्यांची भूमिका होती. या निर्णयामागे केवळ उदारता नव्हती, सुसंगती होती. १९५२ मध्ये ज्या प्रकाराला त्यांनी गैरप्रकार म्हणून आव्हान दिले होते, तोच १९५४ मध्ये स्वतःच्या फायद्यासाठी वापरणे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. शिवाय प्रौढ मतदानाचा अधिकार ज्या संविधानाने दिला त्याच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. शतकानुशतके ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती त्या माणसाच्या हाती प्रथमच मत आले होते. ते त्याने स्वतःच फेकून द्यावे, असे सांगणे त्या अधिकाराचाच अवमान ठरला असता.

निकाल आणि त्याचा अर्थ

निकालात अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांनी डॉ. आंबेडकरांचा सुमारे ८,००० मतांनी पराभव केला. युतीतील एक उमेदवार विजयी आणि दुसरा पराभूत, असा हा निकाल होता.

युती दोन्ही बाजूंनी सारखीच पाळली गेली असती, तर दोन्ही उमेदवारांना जवळपास सारखेच यश मिळावयास हवे होते. फेडरेशनच्या मतदारांचे दुसरे मत मेहतांकडे गेले. मेहतांना मत देणाऱ्या सवर्ण व इतर मतदारांचे दुसरे मत मात्र त्याच प्रमाणात डॉ. आंबेडकरांकडे आले नाही, हाच या निकालाचा सर्वात संभाव्य अर्थ आहे. नेत्यांनी व्यासपीठावर केलेला समझोता गावातील मतपेटीपर्यंत पोहोचताना जातीच्या भिंतीपाशी थांबला.

तथापि, या स्पष्टीकरणाला काही मर्यादा आहेत. मतदान गुप्त असल्याने कोणत्या समाजाचे मत कोठे गेले हे निश्चितपणे सांगता येत नाही. बोरकर हेही अनुसूचित जातीचेच उमेदवार होते व त्यांना मत देणारा प्रत्येक मतदार जातीय भावनेने प्रेरित होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई असलेला सत्ताधारी पक्ष, त्याची संघटना आणि नेहरूंची लोकप्रियता यांचाही प्रभाव मोठा होता. बोरकर यांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर याच जागेवरून निवडून आल्या, यावरून काँग्रेसचे येथील बळ लक्षात येते. परंतु या सर्व गोष्टी मान्य केल्या तरी एक वस्तुस्थिती उरतेच : त्याच काँग्रेसला त्याच मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर पराभव पत्करावा लागला होता. काँग्रेसला हरविणे अशक्य नव्हते. अशक्य ठरले ते दुसऱ्या मताचे प्रामाणिक आदानप्रदान.

१९५७ चा अनुभव या निष्कर्षाला पुष्टी देतो. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. भाषिक राज्याच्या मागणीने निर्माण केलेली एकजूट मतपेटीपर्यंत टिकली. मात्र ते पाहण्यास डॉ. आंबेडकर हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले आणि राखीव जागांसाठी स्वतंत्र एकसदस्य मतदारसंघ निश्चित करण्यात आले. पद्धत बदलली, पण पराभूत उमेदवाराला त्याचा लाभ मिळावयाचा काळ निघून गेला होता.

जिल्ह्याचा पुढील अनुभव

पराभवानंतरच्या उमेदवारीची चर्चा या जिल्ह्याला पुढेही परिचित राहिली. प्रफुल्ल पटेल २००४ मध्ये भंडारा मतदारसंघात शिशुपाल पटले यांच्याकडून अल्प मतांनी पराभूत झाले. २००९ मध्ये पुनर्रचित भंडारा-गोंदिया मतदारसंघातून ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि २०१४ मध्ये नाना पटोले यांच्याकडून पराभूत झाले. पटोले यांच्या राजीनाम्यामुळे २०१८ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीच्या वेळी पटेल यांच्या नावाची चर्चा झाली. प्रत्यक्षात राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे उभे राहिले व निवडून आले. या काळातही राज्यसभेचे सदस्यत्व हा पराभूत नेत्याचा आधार होता. दोन्ही कालखंडांची सामाजिक पार्श्वभूमी भिन्न असल्याने त्यांची बरोबरी करता येणार नाही. परंतु एक सूत्र समान दिसते. नेत्याचे पुनरागमन त्याच्या इच्छेबरोबरच मतदारसंघाची रचना, मित्रपक्षांचे वर्तन आणि रिक्त जागेचा योग यांवर अवलंबून असते.

समारोप

संजीव रेड्डींचे पुनरागमन खासदार व आमदारांच्या मर्यादित मतदारवर्गातून आणि बदललेल्या राजकीय वाऱ्यामुळे बिनविरोध झाले. भंडाऱ्यात तसे नव्हते. येथे निर्णय गोंदियाच्या बाजारातील हमालापासून साकोलीच्या धानकऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातातील दोन मतपत्रिकांवर होता. म्हणूनच या पराभवाचा विचार करताना डॉ. आंबेडकर लोकप्रिय होते की नव्हते, हा प्रश्न अपुरा ठरतो. ज्या समाजाचे ते नेते होते त्या समाजासाठी राखलेली जागा इतरांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून होती, ही मूळ अडचण होती. तिच्यावर मात करण्याचा एक डावपेच उपलब्ध असूनही त्यांनी तो नाकारला.

पराभूत नेता पुन्हा उभा राहतो तेव्हा तो केवळ स्वतःचे नशीब आजमावीत नाही. ज्या व्यवस्थेने त्याला एकदा नाकारले तिचीही तो परीक्षा घेत असतो. मे १९५४ मध्ये भंडारा-गोंदियाच्या मतदारांसमोर ही परीक्षा होती. राजकीय समता कागदावर आली, पण सामाजिक समतेवाचून ती अपुरी राहील, हा विचार डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडला होता. भंडाऱ्याच्या निकालाने त्या विचाराचा प्रत्यय, दुर्दैवाने, त्यांच्याच उमेदवारीच्या रूपाने दिला. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात या पोटनिवडणुकीची नोंद बहुधा एका ओळीत केली जाते. भारतीय लोकशाहीतील प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांनी ती ओळ थांबून वाचणे आवश्यक आहे.